पाच टाक्यांचं फडकं

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर भांडण नको. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. सत्तावीस वर्षं झाली. भुताखेतांवर विश्वास ठेवू नका, हे भाषण शाळेत दरवर्षी मीच देतो. भाषण तेच, त्यातले विनोदही तेच… पोरं आता विनोदाच्या आधीच हसून मोकळी होतात. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण जेवणानंतर बडीशेप चघळावी तसे. कुणाला वडाखाली बाई दिसली की मी पान उलटतो.

आणि आज मीच लिहायला बसलोय. संपादकांना विनंती, नाव छापू नका. शाळेचा प्रश्न नाही, प्रश्न घरचा आहे. हे पूर्ण असं मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. का, ते शेवटी कळेल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची अश्विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, शिरूर अनंतपाळला. सासर देगलूरचं, जावई महेशराव यांचं तिथं बी-बियाण्यांचं दुकान आहे. सातवा महिना सरत आला होता. एका सकाळी तिचे पाय इतके सुजले की चप्पल जाईना. मी म्हणालो, "उन्हानं होतं तसं." माझी बायको सुनंदा हिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि शेजाऱ्यांची गाडी बोलावली. लातूरला पोचेपर्यंत बीपी असं चढलं होतं की डॉक्टरांनी दुसरं मशीन मागवून पुन्हा मोजलं. मग झटके आले. मग ऑपरेशन.

मुलगा झाला. अकराशे ग्रॅम. साखरेच्या एक किलोच्या पुड्यापेक्षा जरासाच जड.

त्या दवाखान्यात बाळांच्या पेट्या सगळ्या भरलेल्या. फोनाफोनी झाली, नांदेडला एक काचेची पेटी रिकामी निघाली. अँब्युलन्समधून बाळाला घेऊन महेशराव नांदेडला. अश्विनी लातूरला आयसीयूत, बेशुद्ध, मशीनवर, तिच्यापाशी सुनंदा. आई लातुरात, लेकरू नांदेडात आणि मधल्या तीन तासांच्या रस्त्यावर मी, एसटीच्या सीटवर.

नांदेडच्या त्या वॉर्डात मी पहिल्यांदा शिरलो तो माझ्या नेहमीच्या आवाजात. "कुठाय आमचा वाघ?"

एका नर्सबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. या शबाना सिस्टर. "गुरुजी, हा वर्ग न्हाई. तिकडं मशीनीवर बघा जरा."

बघितलं. ऑक्सिजनचा चौऱ्याण्णवचा आकडा उतरत उतरत एकोणनव्वदवर आला होता. सत्तावीस वर्षांत माझ्या बोलण्याचा इतका तातडीचा परिणाम कुणावर झाला नव्हता.

मग त्यांनी मला समजावलं, अगदी हळू आवाजात, जणू मीच सातव्या महिन्यात जन्मलोय. म्हणाल्या, हे लेकरू अजून पोटातच असायला पायजे होतं. ते बाहेर आलं, म्हणून आपण बाहेर पोट करायचं. उजेड कमी, आवाज कमी. चारी बाजूंनी कापडाच्या गुंडाळ्या लावून घरटं करायचं. थोपटायचं नाही, नुसता हात ठेवायचा. दिवसातून काही तास कुणाच्या तरी उघड्या छातीवर ठेवायचं, त्याला 'कांगारू' म्हणतात. "आन् सगळ्यात मोठी गोष्ट, आईचा वास. आई येऊ शकत न्हाई ना? मग तिचा वास आणा. तळहाताएवढं फडकं तिच्या छातीवर रात्रभर ठेवा, पिशवीत बंद करून आणा. याच्या गालापाशी ठेवू. आन् याच्यापासचं फडकं परत तिच्यापाशी न्या."

मी सुनंदाला फोन केला. आमच्याकडं नव्या जिवाला कोरं कापड लावत नाहीत, जुनं मऊ झालेलंच लावतात. तिनं अश्विनीचा जुना सुती गाऊन कापला, निळ्या बारीक फुलांचा. सहा तुकडे केले, कडा दुमडून शिवल्या. गोंधळ नको म्हणून कोपऱ्यात लाल दोऱ्याचे टाके घातले. पहिल्या तुकड्याला एक टाका, दुसऱ्याला दोन, असे. इथपर्यंत उत्तम.

अश्विनीच्या छातीवर रात्रभर ठेवलेला तो पहिला तुकडा तिनं सकाळी उकळला, डेटॉलमध्ये बुडवला, दवाखान्याच्या गच्चीवर कडक उन्हात वाळवला आणि कुणाची तरी इस्त्री मागून इस्त्री केला.

शबाना सिस्टरनी पिशवी उघडून नाकापाशी नेली. "हे तर दवाखान्यासारखंच वास मारून राहिलं. यात आई कुठाय?"

मी सुनंदाला हे कळवलं तर मलाच ऐकावं लागलं. "अहो, एवढ्याशा जिवाला मी कळकट फडकं पाठवू? तिथल्या बाया काय म्हणतील, आजीला धुण्याचा कंटाळा?"

दुसऱ्या तुकड्यापासून जमलं. आणि खरं सांगतो, फडकं गालाशी आलं की ते लेकरू ओठ हलवायचं. मुठी सैल सोडायचं. मी त्याची शास्त्रीय कारणमीमांसा महेशरावांना सांगितली, वॉर्डाच्या वॉचमनला सांगितली आणि लातूर-नांदेड रस्त्यावरच्या निम्म्या प्रवाशांना सांगितली.

आता तो दिवस. पाचव्या तुकड्याचा.

अशी बाळं श्वास घ्यायचं विसरतात. थांबतात. तळपायाला टिचकी मारली की आठवतं त्यांना. आदल्या दिवसापासून आमच्या बाळाचं हे विसरणं वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आजचा दिवस बघू, पुन्हा मोठा थांबा घेतला तर घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. एवढ्या नाजूक फुप्फुसांना तेच टाळायचं होतं. तिकडं अश्विनी सहाव्या दिवशीही डोळे उघडत नव्हती. त्यात महेशरावांना ताप भरला, म्हणून त्यांना वॉर्डाबाहेर काढलं. म्हणजे आज कांगारू मी.

सकाळी लातूरहून हदगावची गाडी पकडली, नांदेडमार्गे जाणारी. फडकं पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात, डब्याला सुनंदानं माझ्यासमोर रबराचे दोन वेढे घातले. डबा झोळीत, झोळी खिडकीपाशी. अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. मी चहा-भज्यांसाठी उतरलो. शेजारच्या एका सद्‌गृहस्थानं विचारलं, कुठं निघालात? झालं! मी त्याला वासाची आणि मेंदूची रचना समजावली. फार लक्ष देऊन ऐकत होता बिचारा. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "सर, ती तुमची गाडी होती का?"

गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर वळत होती.

पुढच्या गाडीनं नांदेड गाठलं. लोह्यापर्यंत मी देवाचं नाव घेतलं की नाही, ते विचारू नका. नांदेडच्या स्टँडवर चौकशी केली तर माझी गाडी हदगावकडं निघूनही गेली होती. त्यांनी कंडक्टरला फोन लावून दिला. "गर्दी लई हाय हो. झोळी दिसली तर उद्या आणतो."

पावणेदोनला वॉर्डात पोचलो. शबाना सिस्टरनी हात पुढं केला. "फडकं?"

आणि मी, सत्तावीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगणारा माणूस, म्हणालो, "आज बायकोनं दिलंच नाही."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "आजच पायजे होतं, गुरुजी," एवढंच म्हणाल्या.

कोपरापर्यंत हात धुतले. सदरा-बनियन बाहेरच्या खोलीत खुंटीला टांगलं, पुढून उघडा असतो तो त्यांचा गाऊन घातला. सिस्टर माझ्या छातीकडं बघून म्हणाल्या, "रान हाय की हे! लेकरू हरवायचं यात." मग आरामखुर्चीत मला रेलून बसवलं आणि नाकातल्या नळीसकट त्या जिवाला माझ्या छातीवर पालथं ठेवलं. तव्यावरून नुकतीच उतरवलेली लहानशी भाकरी ठेवावी, तसं लागलं. तेवढीच ऊब. त्याचं तोंड डावीकडं केलं, वरून पट्टा बांधला.

"हनुवटी छातीला टेकू द्यायची न्हाई, नळी दबल्यासारखा श्वास दबतो. श्वास मोजत राहा. आन् झोपायचं न्हाई. एवढंच काम."

दोन वाजता तिथं 'शांत वेळ' सुरू होते. दोन ते चार. बाहेर रणरणतं ऊन आणि आत पडदे ओढलेले, दिवे मंद केलेले, पेट्यांवर जाड कापडं टाकलेली. चपला दाराबाहेर, फोन बंद. मशीनच्या घंट्यासुद्धा बारीक करतात, पिवळा दिवा तेवढा लुकलुकतो. शबाना सिस्टर वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला, त्याच दिवशी आलेल्या एका बाळात गुंतलेल्या. माझ्या बाजूला कुणी नाही.

मी श्वास मोजत होतो. शंभरपर्यंत मोजले, मग पुन्हा एकपासून.

मग वास आला.

आधी स्पिरिटचा. त्यात नवल नाही, दवाखानाच तो. पण त्याच्यामागून मेथ्यांचा. सुनंदा खोबरेलात मेथ्या कढवते आणि ते तेल आमच्या घरात फक्त अश्विनी लावते, लहानपणापासून. रविवारी दुपारी मी आडवा झालो की ही पोरगी माझ्या पोटावर चढून झोपायची आणि माझ्या बनियनला तोच वास राहायचा. मला वाटलं, आली वाटतं… भीती वाटली नाही. हे आज लिहिताना विचित्र वाटतं, पण तेव्हा ते अगदी साधं वाटलं.

मग हात. थंड. पट्ट्याच्या वरच्या कडेतून बोटं आत सरकली, माझ्या कातडीच्या आणि बाळाच्या मधून. धसमुसळेपणा नाही, झोपलेल्या माणसाच्या उशाखालून किल्ली काढावी तशी. छातीवरचं ते वजन जरासं उचललं गेलं, वळलं, पुन्हा टेकलं. आणि माझ्या छातीच्या उजव्या बाजूला एक गरम फुंकर लागली. मग दुसरी. मग तिसरी.

माझे डोळे तेव्हा मिटलेले होते. मिटलेले म्हणजे… फक्त मिटलेले.

उघडले तेव्हा कुणी नव्हतं. पेट्यांवरची कापडं जागच्या जागी, मशीनवर पंच्याण्णव.

चारला दिवे लागले. सिस्टर आल्या, पट्टा सैल केला आणि थबकल्या. "मान कुणी फिरवली?"

डावीकडं तोंड करून ठेवलेलं बाळ उजवीकडं तोंड करून झोपलं होतं.

त्या मशीनपाशी गेल्या, दोन-तीन बटणं दाबून मागचं बघितलं. परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. "दोन सदतीसला थांबला होता हा. लई वेळ. तिकडं माझे हात गुंतले होते, मला दिवा दिसलाच न्हाई… आन् मग आपोआप चालू?" माझ्याकडं बघता बघता त्यांचा चेहरा उजळला. "तुम्ही फिरवली मान! हनुवटी टेकली असंल, तुम्ही वळवली. शाब्बास गुरुजी! नळी टाळली तुम्ही आज."

मी म्हणालो, "हं."

फक्त 'हं'. त्या एका अक्षराचं ओझं दोन वर्षं वाहतोय.

त्यांनी बाळाला उचललं, आणि त्याच्या गालाखाली, माझ्या छातीच्या केसांना चिकटलेलं फडकं निघालं. निळी बारीक फुलं.

"आन् हे? दिलं न्हाई म्हणले ना?"

मी ते हातात घेतलं. कोपरा शोधला. लाल टाके. अंगठ्यानं मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. उलटीकडून मोजले. पाच. म्हणालो, "खिशात होतं… विसरलो."

त्या हसल्या. "अंगात सदरा न्हाई आन् खिशात म्हणून राहिले!"

व्हरांड्यात येऊन सुनंदाला फोन लावला. मी काही बोलायच्या आत तीच रडत रडत सांगू लागली. दुपारी अडीचच्या पुढं अश्विनीचा हात हलला. सहा दिवसांत पहिल्यांदा. "अहो, दोन्ही हात उचलले तिनं, छातीवर आणले, अशी ओंजळ केली. मी खाली ठेवायला गेले तर ठेवू देईना. तासभर तसेच! डॉक्टर पळत आले. श्वास घेतेय म्हणाले ती, स्वतःचा स्वतः."

मी ओल्या डोळ्यांनीच विचारलं, "सकाळी डब्यात पाचवंच घातलं होतंस ना?"

"तुमच्यासमोर तर घातलं. का हो? हरवलं की काय?"

"नाही," मी म्हणालो. हे तरी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी हदगावहून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरनं झोळी आणून दिली. डब्याला रबराचे तेच दोन वेढे. आत पिशवी, वरची पट्टी दाबून घट्ट बंद केलेली. पिशवीत हवा. बाकी काही नाही.

पुढचं सगळं चांगलं आहे. बाळाला नळी लागली नाही. अश्विनी त्यानंतर चौथ्या दिवशी मशीनवरून सुटली, पंधरा दिवसांनी नांदेडला येऊन स्वतः कांगारू करायला बसली. शबाना सिस्टर तिच्या पाठीशी उशा लावायच्या, तिला एकदाही घाई केली नाही. पेटीतून निघून बाळ घरी आलं, तीन महिन्यांनी देगलूरला बारसं झालं. अर्धे पाहुणे तेलुगू बोलणारे, पण गोष्ट सगळ्यांना माहीत: आजोबांनी नातवाला वाचवलं. विहीणबाईंनी मला टोपी-उपरणं केलं. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, सर, पुन्हा एकदा सांगा. मला काय, सांगायला कधीही आवडतं. तोपर्यंत गोष्टीवर चांगलं पॉलिशही चढलं होतं.

"दोन सदतीस! माझी नजर मशीनवर. आकडा घसरला. ऐंशी… सत्तर… मी म्हणालो, घाबरायचं नाही. ही दोन बोटं आत घातली आणि अलगद मान…"

पंगतीत च्च, अरे बाप रे, असं चाललं होतं. अश्विनी वरण वाढत माझ्या पानापाशी आली. वाकली. वाढता वाढता, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी सहज म्हणाली, "बाबा, तुम्ही तर झोपला होता की."

माझा घास हातातच राहिला.

"घोरत होता. दोन हाका मारल्या. मग मीच फिरवली."

आणि पुढच्या पानाकडं गेली. "मामा, वरण?"

तर आता सांगतो, कारण इथं मला कुणी ओळखत नाही. मी झोपलो होतो. सहा दिवसांचा प्रवास, अंधारी गार खोली, पोटात अहमदपूरची भजी… दुसऱ्यांदा शंभर मोजलेलं मला आठवत नाही. पिवळा दिवा मी पाहिलाच नाही. आकडा घसरताना पाहिला नाही. एवढ्याशा जिवाची हनुवटी माझ्याच छातीला टेकली होती आणि मी झोपलो होतो. हे मी सुनंदाला सांगितलं नव्हतं, महेशरावांना नाही, कुणालाच नाही. शबाना सिस्टरना कळलं असतं तर त्यांनी मला तिथल्या तिथं हाकललं असतं.

त्या संध्याकाळी अश्विनीला बाजूला घेऊन विचारलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मला ऊन लागलंय. "मी? वाढताना? काहीतरीच काय बाबा! लातूरच्या त्या दिवसांतलं मला काहीच आठवत नाही." खोटं बोलत नव्हती. लेकीचा चेहरा मला वाचता येतो.

वास स्वप्नातला असेल. हातही स्वप्नातला असेल. माणूस झोपेतही बाळाची मान वळवू शकतो, असं मी स्वतःला बऱ्याच वेळा समजावलंय. विज्ञानाचा शिक्षक आहे, कारणं पैशाला पासरी काढतो. पण बंद डब्यातलं फडकं? ते मी कसं स्वप्नात आणलं? आणि माझं घोरणं लातूरच्या आयसीयूत कुणी ऐकलं? मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर या सदरात जरूर लिहा, माझं भाषण सुधारेन.

ते फडकं मी त्याच पिशवीत बंद करून कपाटात, भाषणाच्या फाईलमागं ठेवलं होतं. गेल्या दिवाळीत साफसफाईत सुनंदाला सापडलं. तिनं उकळलं, डेटॉलमध्ये बुडवलं, उन्हात वाळवलं, इस्त्री केली. एकुलता एक पुरावा! टाके मात्र अजून आहेत. पाचच आहेत.

आता कुणी ती गोष्ट सांगा म्हणालं, तर मी खरं सांगतो. "मी काही केलं नाही हो. मी झोपलो होतो." लोक हसतात. म्हणतात, बघा, एवढं करून किती साधा माणूस.

नातू दोन वर्षांचा झाला. शिरूरला आला की दुपारी माझ्या पोटावर चढून झोपतो, तोंड कायम उजवीकडं. पंखा फिरत असतो, घर निजलेलं असतं, पापण्या जड होतात. पण मी डोळे उघडे ठेवतो आणि त्याचे श्वास मोजतो. शंभरपर्यंत. मग पुन्हा एकपासून. तेवढंच काम दिलं होतं मला.